हातात आरएफआयडी चिप बसवायची आहे: दार, हजेरी आणि फोन, तिन्हीला चालेल अशी कोणती?

लेथवाला_लातूर

राम राम मंडळी. एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तीन माणसं कामाला. बोटाच्या ठशाचं मशीन लावा असं सगळेच सांगतात, पण ग्राइंडर चालवणाऱ्याच्या बोटावर ठसा राहतो कुठं? आणि कार्ड खिशात ठेवलं की घामानं नाहीतर ठिणगीनं त्याचं वाटोळं. म्हणून अंगठा आणि तर्जनीच्या मधे कातडीखाली बसवतात ती काचेची आरएफआयडी चिप (रीडर म्हणजे वाचणाऱ्या यंत्राजवळ नेली की नंबर सांगणारी) डोक्यात आहे.

एका चिपवर तीन कामं व्हावीत अशी इच्छा: वर्कशॉपचं लोखंडी दार उघडणं, जॉबवर्कला जातो त्या कारखान्यातली कार्डाची हजेरी, आणि मला शुगर आहे तर फोन टेकवला की रक्तगट, औषधं, घरचा नंबर दिसणं.

हजेरीच्या कार्डावर दहा आकडी नंबर आणि त्यापुढं तीन आकडे, स्वल्पविराम, पाच आकडे असं छापलंय. हे कोणतं कार्ड? बाहेरच्या साइटवर सुईसकट तयार किट मिळतात, ते घरीच बसवावं का डॉक्टरकडं जावं? एमआरआयची वेळ आली तर? गावाकडं लोक म्हणू लागलेत की चिप बसवली की माणूस कुठं हिंडतोय ते वर कळतं, त्यात किती तथ्य? आणि लाइट गेल्यावर दाराचं काय, तेही सांगा. आमच्याकडं ती जातेच.

पॅनलवाला_वाळूज

दादा, आधी ती भीती काढून टाका. या चिपमध्ये बॅटरी नाही, जीपीएस नाही. रीडरच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातनंच तिला वीज मिळते, आणि तेवढ्या वेळापुरती ती आपला नंबर सांगते. काचेच्या नळीतल्या चिपसाठी हे अंतर दाराच्या रीडरवर एक-दोन सेंटिमीटरच्या आत, फोनवर तर काही मिलिमीटर. माणूस कुठं हिंडतोय ते सांगायला खिशातला मोबाइल पुरेसा आहे.

तुमचं कार्ड १२५ किलोहर्ट्‌झचं, ईएम४१०० जातीचं दिसतंय. आत पाच बाइटचा कायमचा नंबर असतो. छापलेले दहा आकडे म्हणजे त्यातल्या शेवटच्या चार बाइट दशमान पद्धतीत. आणि स्वल्पविरामवाले म्हणजे तिसरी बाइट, मग शेवटच्या दोन. खात्री करायची तर फोनमधली एनएफसी (जवळून चिप वाचायची सोय) चालू करून फोनच्या पाठीला कार्ड लावा. फोन गप्प राहिला तर १२५ धरून चाला, कारण फोन फक्त १३.५६ मेगाहर्ट्‌झ वाचतो.

अडचण इथंच आहे. हजेरी एका फ्रिक्वेन्सीवर, फोन दुसऱ्या. एकच चिप दोन्हीकडं बोलत नाही. एकाच नळीत दोन चिप असलेला प्रकार मात्र मिळतो: डेंजरस थिंग्ज या अमेरिकन कंपनीची ‘नेक्स्ट’. त्यात १२५ साठी टी५५७७ आणि १३.५६ साठी एनटॅग २१६. एकेरी चिपची नळी दोन मिलिमीटर जाड आणि १२ मिलिमीटर लांब असते, ही साधारण १४.

टी५५७७ वर नंबर लिहिता येतो, पुन्हा बदलताही येतो. कारखान्याच्या कार्डाचा नंबर तिच्यावर उतरेल, पण त्यांना न विचारता ते करू नका, तो त्यांच्या दाराचा प्रश्न आहे. त्यापेक्षा चिपला स्वतःचा नंबर द्या आणि टाइम-ऑफिसला तो तुमच्या नावावर चढवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, नाही म्हणाले तर कार्ड वापरत राहा.

आता टी५५७७ कशानं खराब होते ते बघा. बाजारात हातात धरायचं निळं-पांढरं कॉपी मशीन स्वस्तात मिळतं. ते नंबर लिहिताना चिपवर आपला पासवर्डही टाकून ठेवतं, मग दुसऱ्या यंत्रानं चिप बदलता येत नाही. शिवाय काचेच्या चिपशी त्याची जोडणी कच्ची. लिहिताना हात हलला की सेटिंगचा ब्लॉक शून्य अर्धवट लिहिला जातो आणि चिप मेल्यासारखी होते. कार्ड असतं तर फेकून दिलं असतं, ही कातडीखाली आहे. प्रॉक्समार्क ३ (चिप तपासायचं-लिहायचं यंत्र) असलेला माणूस गाठा: आधी वाचायचं, सलग काही वेळा तेच उत्तर आलं तरच लिहायचं, लिहून पुन्हा वाचायचं.

एनटॅग २१६ मध्ये वापरायला ८८८ बाइट मिळतात. इंग्रजीत लिहिलं तर भरपूर जागा. देवनागरीत एका चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना-मात्रा-हलन्त वेगवेगळे मोजले जातात. ‘की’ म्हणजे सहा बाइट, ‘क्षि’ म्हणजे बारा. म्हणजे सगळं मिळून २९० चिन्हांच्या आत बसवावं लागतं. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा, प्रत्येक आकडा एका बाइटमध्ये जातो.

एनएफसी टूल्स, टॅगरायटर अशा अ‍ॅपमध्ये ‘लॉक’ किंवा ‘रीड ओन्ली’ असं बटण असतं. त्याला बोट लावू नका. ते लॉक बिट एकदा लागले की परत निघत नाहीत, औषध बदललं तरी जुनंच दिसत राहणार. लिहिण्यापुरता पासवर्ड ठेवता येतो, पण तो फक्त ३२ बिटांचा, आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा चालू केली असेल तर ती ओलांडल्यावर पासवर्डच्या आड असलेला भाग कायमचा बंद. मर्यादा शून्यच राहू द्या.

सर्जन_नांदेड

घरी बसवू नका. यूट्यूबवर सोपं दिसतं कारण जिथं बिघडलं ते कोणी टाकत नाही.

सुई १२ गेजच्या आसपासची लागते, बाहेरून पावणेतीन मिलिमीटर जाड. सलाइनची सुई १८-२० गेजची असते, त्यावरून अंदाज घ्या. जागा हाताच्या पाठीकडून, अंगठा-तर्जनीच्या मधल्या मऊ भागात, चिप तर्जनीच्या हाडाला समांतर. मनगटाकडं फार आत जायचं नाही, तिथं रेडियल धमनी स्नायूच्या दोन भागांमधून तळहाताकडं उतरते. दोन बोटांमधल्या कातडीच्या पडद्याच्या अगदी कडेलाही नाही, तिथं हातोडा-पाना पकडताना दाब येतो. कातडी चिमटीत उचलून सुई कातडीखालच्या सैल थरात सरकवायची, स्नायूत नाही. या भागात संवेदनेच्या बारीक नसा असतात, त्या दुखावल्या तर अंगठ्याच्या पाठीवर महिनोन्‌महिने मुंग्या येतात. भुलीसाठी लिग्नोकेन एक मिलीच्या आसपास पुरतं. जास्त टाकलं की जागा फुगते आणि सुई किती खोल गेली ते कळत नाही.

चिप सुईत भरलेली आणि ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) गॅसनं निर्जंतुक केलेली येते. पाकिटाचं सील आणि मुदत बघून घ्या. सुट्टी चिप आणून स्पिरिटमध्ये बुडवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

तुम्हाला शुगर आहे म्हणून मुद्दाम सांगतो, आधी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) करा. ८ च्या वर असेल तर थांबा, हे काही तातडीचं काम नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं, तुमच्या धंद्यात ते तसंही असायला हवं. दोन दिवस जखम कोरडी ठेवायची. दोन आठवडे ग्राइंडर, घण, घट्ट हातमोजे बंद. चिपभोवती तंतूंचं आवरण धरायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर ती थोडी सरकते, त्यामुळं आज वाचली आणि उद्या नाही असंही होईल. लाली वाढत मनगटाकडं निघाली, पू आला, ताप आला, तर लगेच दाखवा. आत परकी वस्तू असताना नुसत्या गोळ्यांनी जंतुसंसर्ग हटत नाही, बहुतेक वेळा चिप काढावी लागते. काढणं सोपं: भूल, चार-पाच मिलिमीटरचा छेद, दाबून बाहेर.

एमआरआय: नळीत फेराइटचा (लोहयुक्त चुंबकी पदार्थाचा) गाभा आणि तांब्याची कॉइल असते. हाताचं चित्र काढायचं असेल तर तिथं काळा डाग येणार. पोट किंवा गुडघ्याच्या चित्राला त्याचा त्रास नाही, पण तंत्रज्ञाला आधी सांगणं तुमचं काम, आणि एखादं सेंटर सरळ नकारही देईल. चिपचं नाव आणि कागद जपून ठेवा. अमेरिकेच्या एफडीएनं २००४ मध्ये व्हेरीचिप या माणसांत बसवायच्या चिपला परवानगी देताना जे धोके नोंदवले, त्यात एमआरआय होता, चिप जागेवरून सरकणं होतं आणि माहितीची सुरक्षितताही होती. प्रयोगशाळेतल्या काही उंदरांमध्ये चिपभोवती गाठी दिसल्याचं २००७ मध्ये बरंच गाजलं. माणसांत तसा संबंध सिद्ध झालेला नाही. तरी त्या जागी गाठ लागली तर ‘चिपच असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि आजाराच्या माहितीसाठी म्हणून चिप नको. व्हेरीचिपमध्ये १६ आकडी नंबर होता, बाकी सगळी माहिती कंपनीच्या संगणकावर. २०१० मध्ये ती चिप बंद झाली. रात्री अपघात विभागात बेशुद्ध माणूस आला तर तिथला डॉक्टर त्याच्या हातावर फोन फिरवत बसत नाही, खिसा आणि गळा बघतो. पाकिटात कागद ठेवा, फोनच्या लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती भरा.

गुरांचा_डॉक्टर_परभणी

कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहितो: कुत्र्याची चिप स्वस्त मिळते, ती बसवू नका. ती १३४.२ किलोहर्ट्‌झवर चालते, आयएसओ ११७८४/११७८५ प्रमाणं १५ आकडी नंबर, सुरुवातीला देशाचा किंवा कंपनीचा तीन आकडी कोड. तुमच्या दाराचा १२५ चा रीडर तिला ओळखणार नाही. दुसरं म्हणजे कातडीखाली सरकू नये म्हणून जनावरांच्या बऱ्याच चिपवर पॅरिलिनसारखा प्लास्टिकचा थर असतो, त्यात ऊती घट्ट धरतात. जनावरात ते हवंच असतं. माणसात चिप काढायची वेळ आली की दाबून निघत नाही, ऊतींसकट कापून काढावी लागते.

गाई-म्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला म्हणजेच ही चिप असंही काही जण समजतात. तो बारा आकडी छापील नंबर आहे, कातडीखाली काही नसतं.

लेथवाला_लातूर

सगळ्यांचे आभार. सर्जनसाहेब, औषधांचा विषय पाकिटातल्या कागदावर आणला. एचबीए१सी नऊच्या पुढं आहे, तेव्हा सुई तूर्तास लांबच.

तोवर टी५५७७ ची सुट्टी काचेची चिप हाताला मेडिकल टेपनं चिकटवून बघितली. रीडर म्हणजे आरडीएम६३०० चं मॉड्यूल, ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडलेलं. टेबलावर कार्ड चांगलं चार-पाच सेंटिमीटरवरून वाचतं, चिप मात्र कधी लागते कधी नाही. तेच लोखंडी दारावर लावलं तर चिप अजिबातच नाही आणि कार्डही जेमतेम. लाइट येताना कुलपाची वीज जोडणारा रिले आपोआप एकदा टकटक करतो, हे काय? आणि तिन्ही कामगारांनाही चिप बसवून टाकावी का?

कामगार_कायदा_संभाजीनगर

शेवटच्या प्रश्नापुरतं: नाही. पगार देणाऱ्यानं विचारलं की ‘स्वखुशी’ला फारसा अर्थ उरत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं २००६ मध्येच सक्तीनं चिप बसवायला बंदी घातली, कॅलिफोर्नियाचा तसाच कायदा २००८ पासून लागू आहे. त्याच विस्कॉन्सिनमधल्या थ्री स्क्वेअर मार्केट कंपनीनं २०१७ मध्ये कर्मचाऱ्यांना चिप दिल्या, पण ऐच्छिक. नको म्हणणाऱ्यांचं काम त्यावाचून अडत नव्हतं. तुमचा माणूस काम सोडून गेला तर त्याच्या हातातलं तुम्ही काय परत मागणार? किल्लीच्या जुडग्याला लावायचे १२५ चे बिल्ले द्या, हरवला तर नंबर काढून टाका.

पॅनलवाला_वाळूज

आधी ‘कधी लागते कधी नाही’ ते. कार्डाची कॉइल चपटी आणि मोठी, ती रीडरसमोर सपाट धरली की काम होतं. काचेच्या चिपची कॉइल फेराइटच्या काडीभोवती गुंडाळलेली असते, तिला क्षेत्र काडीच्या लांबीच्या दिशेनं हवं. रीडरची कॉइल म्हणजे टेबलावर ठेवलेली बांगडी समजा. मधोमध क्षेत्र सरळ वर येतं, तिथं आडवी चिप धरली तर तिला काहीच मिळत नाही. बांगडीच्या कडेवर, तारेला काटकोनात चिप आडवी धरा, तिथं क्षेत्र आडवं वळतं. फोनवरही हेच सूत्र. फोनची कॉइल कॅमेऱ्याजवळ आहे का मधे, ते हळूहळू सरकवून शोधा आणि तिची कड पकडा. एकदा जागा सापडली की रीडरच्या डबीवर रेघ मारून ठेवा.

लोखंडाचं असं आहे की दाराच्या पत्र्यात भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात, ते क्षेत्र खातात आणि कॉइलची जुळणीही हलवतात. कॉइल पत्र्यापासून निदान २०-२५ मिलिमीटर लांब ठेवा, मधे लाकूड किंवा जाड अ‍ॅक्रिलिक. जागाच नसेल तर कॉइलच्या मागं फेराइटची शीट. सगळ्यात बरं म्हणजे रीडर दारावर न लावता शेजारच्या विटेच्या भिंतीत. स्वस्त एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डबीचा) गोंगाटही १२५ ला मारतो. मॉड्यूल बॅटरीवर चालवून बघा, अंतर वाढलं तर दोष सप्लायचा.

आरडीएम६३०० ला ५ व्होल्ट लागतात आणि त्याची टीएक्स पिनही ५ व्होल्टच देते. ईएसपी३२ ची पिन ३.३ ची, म्हणून मधे १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक घाला. वेग ९६००. दर वेळी १४ बाइट येतात: सुरुवातीला ०२, मग दहा अक्षरांत नंबर, दोन अक्षरांत चेकसम, शेवटी ०३. चेकसम म्हणजे पाचही बाइटचा एक्स-ऑर. तो तपासल्याशिवाय नंबर खरा धरू नका, अर्धवट वाचलेल्या चिपचं उत्तर कधीकधी भलतंच येतं. पुढं १३.५६ वर गेलात तर आरसी५२२ पेक्षा पीएन५३२ घ्या, काचेच्या चिपला आरसी५२२ चा अँटेना कमी पडतो. एनटॅगचा नंबर सात बाइटचा असतो. इंटरनेटवरचे पुष्कळ प्रोग्राम पहिल्या चारच तपासतात आणि त्यातली पहिली ०४ ही एनएक्सपी कंपनीची खूण, सगळ्यांत सारखीच. साती तपासा. तरीही नंबर म्हणजे कुलूप नव्हे, जवळून वाचणारा तो उतरवू शकतो. वर्कशॉपला चालेल, सोन्याच्या दुकानाला नाही.

टकटक: तुमचं रिले बोर्ड लो सिग्नलवर चालणारं असणार. ईएसपी३२ सुरू होताना पिन क्षणभर मोकळी असते, रिलेला ते ‘चालू’ वाटतं. म्हणजे लोडशेडिंग संपून लाइट आली की तुमचं दार एकदा उघडतंय. रिले २५, २६, २७, ३२ किंवा ३३ नंबरच्या पिनवर घ्या, तिथून ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, आणि प्रोग्रामच्या पहिल्याच ओळींत, पिनला आउटपुट करण्याआधी, ती हाय करा.

कुलूप कोणतं घ्यायचं हे लाइटवर ठरतं. दुकानदार ईएम लॉक (चुंबकाचं कुलूप) गळ्यात मारतो, २८० किलोची ओढ सोसणारं. ते चोवीस तास १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर खातं आणि वीज गेली की सुटतं. ७ एएचची बॅटरी कागदावर चौदा तास, प्रत्यक्षात आठ धरा, उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याच्या शेडमधली जुनी बॅटरी त्याहून कमी. रात्री बॅटरी संपली की दार सताड. तुम्हाला वीज नसताना बंदच राहणारं स्ट्राइक (चौकटीतली विजेवर सुटणारी पकड) किंवा बोल्ट हवं. ते उघडतानाच वीज घेतं, मग तीच बॅटरी कितीतरी जास्त टिकते. आतून मात्र ते हँडलनं, विजेशिवाय उघडलं पाहिजे. वेल्डिंगची जागा आहे, आग लागली तर माणूस रीडर शोधत बसणार नाही. कुलपाच्या दोन टोकांना १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू प्लसला. नाहीतर कॉइलच्या झटक्यानं रिलेचे संपर्क जळतात आणि ईएसपी३२ मधेच रीसेट होतो.

बाहेरच्या डबीत फक्त रीडर. ईएसपी३२, रिले, बॅटरी सगळं भिंतीच्या आत. बाहेर रिले ठेवला तर स्क्रू ड्रायव्हरनं डबी उघडून दोन तारा जोडल्या की काम झालं, चिप लागतच नाही. आरडीएम६३०० चं सिग्नल लांब तारेवर बिघडतं, मीटरभराच्या आत ठेवा. त्याहून लांब जायचं असेल तर विगंड (नंबर लांब तारेवर पाठवायची पद्धत) आउटपुटचा तयार रीडर घ्या, पण २६ बिटांचा विगंड शेवटच्या तीनच बाइट पाठवतो, त्या हिशेबानं नंबर चढवा. मेकॅनिकल किल्लीचं भोक बुजवू नका, आणि किल्ली शेडच्या आत टांगू नका.